कांचा धुण्याची गाडी आणि पाण्याचा हिशेब

शेतकऱ्यांच्या मासिकांत कांचा धुण्याच्या गाडीचें काय प्रयोजन, असें वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल. आमच्या पुतण्यानें हा विषय प्रथम काढिला तेव्हां आम्हांसही तसेंच वाटलें होतें. मुलगा आय.टी.आय. झालेला, घरची जमीन पारनेर तालुक्याच्या माळावरची, बाजरी व कांदा पावसाच्या भरंवशावर, आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी काम आज आहे तर उद्यां नाहीं, अशी त्याची स्थिति. एके दिवशीं जेवतांना तो म्हणाला, "तात्या, जुना छोटा हत्ती घेतों, त्याच्यावर टाकी अन् पंप बसवतों, अन् कारखान्यांच्या, लॉजांच्या कांचा धुवायचं काम धरतों. शेतांतल्या सोलर प्लेटाही त्याच गाडीनं धुतां येतील. निम्मे पैसे तुम्ही घाला." महसूल खात्याच्या चाकरीनंतर आम्हांस जें उपदान मिळालें होतें त्यावर त्याचें लक्ष आहे, हें उघड होतें.

केवळ हौसेवर रक्कम घालणें आमच्या कारकुनी स्वभावांत नाहीं. सबब आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक गोष्टीचा आंकडा मांडिला आणि मगच होकार दिला. आज ती गाडी चालते आहे. परंतु ती उभी करितांना आमच्या हातून दोन चुका घडल्या. पैकीं एक जिवावर बेतली असती. दुसरीनें आम्हांस गांवांत मान खालीं घालावी लागली. दोन्ही चुका हिशेब अपुरा केल्यामुळें झाल्या. दुसऱ्या कोणा शेतकऱ्याच्या मुलाच्या हातून त्या होऊं नयेत, एवढ्याच हेतूनें ही हकीकत लिहीत आहों.

शेतकऱ्याचा संबंध कोठें येतो

आपल्या जिल्ह्यास, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, ऊन आणि धूळ यांची वाण कधींच नव्हती. शिर्डीस साईबाबांच्या प्रसादालयावर २००९ सालीं सूर्याच्या उष्णतेनें वाफ करून अन्न शिजविण्यासाठीं आरशांच्या ७३ तबकड्या बसविण्यांत आल्या. २०१७ सालीं राज्य शासनानें मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढिली, आणि तिच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांपैकीं एक आमच्याच तालुक्यांत राळेगणसिद्धी येथें झाला. पुढें २०१९ सालीं केंद्राची कुसुम योजना व २०२४ सालीं 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही राज्याची योजना आली, आणि सौरपंप गांवोगांव दिसूं लागले. सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा व अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यावयाचा, हें वाचकांस ठाऊकच आहे.

पंप बसविणाऱ्या कंपनीकडे पांच वर्षें दुरुस्तीची जबाबदारी असते. पण प्लेटेवर रोज बसणारी धूळ पुसावयास कोणी येत नाहीं. तें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें. बहुतेक जण तें विहिरीच्या पाण्याची बादली व फडकें घेऊन करितात, आणि तेथेंच नुकसानीस आरंभ होतो.

पाण्यांतील क्षार

विहिरीचें वा कूपनलिकेचें पाणी दिसावयास स्वच्छ असलें तरी त्यांत चुना व इतर क्षार विरघळलेले असतात. एका लिटरांत किती मिलिग्रॅम क्षार आहेत हें टी.डी.एस. मीटर दाखवितो, हा मीटर पेनएवढा असून स्वस्त मिळतो. पिण्याच्या पाण्यास ५०० पर्यंतचा आंकडा चांगला, व दुसरें पाणी नसल्यास २,००० पर्यंत चालवून घ्यावा, असें भारतीय मानक आहे. आमच्या विहिरीच्या पाण्याचा आंकडा ९०० आला. म्हणजे पिण्यास चालेल असें हें पाणी. पण त्याच्या दर लिटरांत जवळजवळ एक ग्रॅम क्षार. पाणी उन्हानें उडून जातें. क्षार उडत नाहीं. तो कांचेवर पांढऱ्या डागाच्या रूपानें राहतो, आणि दर धुण्यास त्यावर नवें पुट चढतें. पुट घट्ट झालें म्हणजे माणसें तें खरवडूं लागतात व कांचेवर ओरखडे पाडतात.

वाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. कांचेच्या तुकड्यावर एक थेंब विहिरीच्या पाण्याचा व एक थेंब घरांत धरलेल्या पावसाच्या पाण्याचा ठेवावा आणि दोन्ही सावलींत वाळूं द्यावे. पहिल्या थेंबाच्या जागीं पांढरें कडें उमटेल. दुसऱ्याची जागा बहुधा सांपडणार नाहीं. या गाडीचें सारें शास्त्र एवढ्यांत आलें. पाण्यांतील क्षार जवळजवळ शून्यावर आणिला म्हणजे कांच पुसावी लागत नाहीं. ओली ठेविली तरी ती आपोआप निर्मळ वाळते.

पुसावयाचें नाहीं म्हणजे कांचेपर्यंत हात पोहोंचण्याचें कारण राहिलें नाहीं. माणूस जमिनीवर उभा राहून लांब दांडीच्या टोंकास बसविलेल्या मऊ ब्रशानें दुसऱ्या मजल्याची खिडकी धुतो, आणि दांडींतून गेलेल्या नळीनें शुद्ध पाणी ब्रशाशीं येत राहतें. इंग्लंडांत या पद्धतीचा पुष्कळ प्रसार झाला. तेथें २००५ सालीं उंचावरील कामांचे नियम झाले. जें काम जमिनीवरून होण्यासारखें आहे त्यासाठीं माणसास उंचावर चढवूं नये, असा त्यांचा रोख आहे. आपल्याकडे अद्याप दोरास लटकून वा शिडी लावून कांचा पुसणारीं मुलें दिसतात. शिडीवरून पडण्याचें भय टळतें, हाच या गाडीचा मोठा गुण होय.

ओझ्याचा हिशेब

आतां पहिल्या चुकीकडे वळूं. पाणी सर्वांच्या परिचयाचें, त्यामुळें त्याचें वजन कोणी मोजीत नाहीं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पांचशें लिटर म्हणजे पांच क्विंटल. कांद्याच्या पन्नास किलोच्या दहा गोण्या. यांत टाकीचें वजन आलेलें नाहीं.

पुतण्याचा आग्रह हजार लिटरच्या टाकीचा होता. एकदां भरली कीं दिवसभर पाहावयास नको. आम्हीं गाडीचें नोंदणीपुस्तक पुढें घेतलें. त्यांत रिकाम्या गाडीचें वजन व भरलेल्या गाडीचें कमाल वजन, असे दोन आंकडे असतात. दुसऱ्यांतून पहिला वजा केला कीं गाडी किती ओझें वाहूं शकते तें कळतें. आमच्या गाडीची ही वजाबाकी सुमारें साडेसात क्विंटल आली. त्यांतून दोन माणसें १४० किलो, टाकी व लोखंडी सांगाडा ६० किलो, बॅटरी ३० किलो, रील, नळी व दांड्या ४० किलो, आणि हत्यारें व जादा चाक ३० किलो, असे ३०० किलो वजा घातले. बाकी ४५० किलो. सबब ४०० लिटरांहून मोठी टाकी या गाडीस शोभत नाहीं, हें ठरलें.

एवढ्या पाण्यांत काम किती होतें, तेंही पाहावें. ब्रशाशीं मिनिटास सुमारें दोन लिटर पाणी पुरेसें होतें. ४०० लिटर पाणी २०० मिनिटें, म्हणजे ३ तास २० मिनिटें, सतत वाहूं शकतें. माणूस एका खिडकीपासून दुसरीकडे जातो, नळी ओढतो, त्या वेळीं पाणी बंद असतें. तेव्हां अर्ध्या दिवसाच्या कामास एक टाकी पुरते. हजार लिटर वाहण्याची गरजच नव्हती.

टाकी कशी बसवावी

आंकडा बरोबर काढिला, तरी पुढें आळस नडला. ४०० लिटरची बसकी टाकी करून मिळण्यास पंधरा दिवस लागणार होते, आणि पहिलें काम तर हातीं आलेलें. म्हणून घरची उभी गोल टाकी चारशें लिटर भरून गाडीवर चढविली आणि नायलॉनच्या दोरांनीं आवळली. त्या दिवशीं आम्हीही बरोबर होतों. नगर-कल्याण रस्त्यावर भाळवणीच्या अलीकडे एकाएकीं शेळ्यांचा कळप आडवा आला. पुतण्यानें ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण टाकी थांबली नाहीं. दोर ताणले, टाकी घसरत पुढें आली आणि केबिनच्या पाठीमागच्या पत्र्यावर आदळली. पत्रा आंत आला व आमच्या पाठीशीं टेकला. वेग थोडा होता म्हणून निभावलें. त्याच ठिकाणीं समोरून ट्रक असता, तर हा लेख लिहिण्यास आम्ही राहिलों असतों कीं नाहीं, कोण जाणे.

कांद्याची गोणी ठेविली तेथें बसून राहते. पाण्याचें तसें नाहीं. गाडी थांबली तरी पाणी पुढें धांवतें, वळली तर बाजूस धांवतें, आणि अर्धी भरलेली टाकी भरलेलीहून अधिक हेलकावे खाते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या:

टाकी उंच नसावी. रुंद व बसकी असावी. तिच्या आंत पाण्याचा लोट मोडण्यासाठीं भोंकांचे आडवे पडदे असावेत. ती मागील आंसाच्या किंचित पुढें व शक्य तितकी खालीं बसवावी. आंसाच्या मागें ओझें गेलें तर पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणू बिघडतो. टाकीभोंवतीं लोखंडी अँगलचा सांगाडा करावा. हा सांगाडा हौद्याच्या पत्र्यास स्क्रूनें ठोकणें म्हणजे न ठोकण्यासारखेंच आहे. जोराचा धक्का बसला कीं पत्रा फाटतो. बोल्ट खालच्या चेसीच्या आडव्या पट्ट्यांतून आरपार घालावे आणि पलीकडे जाड पोलादी पट्टी देऊन नट आवळावे. चेसीस स्वतःच्या मनानें वेल्डिंग करूं नये. त्यानें मूळ पोलाद कमजोर होतें. दर आठवड्यास नट तपासावे.

कायद्याचीही एक गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास आपल्या मनानें करितां येत नाहीं. म्हणून कायमचा सांगाडा बसविण्याआधीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. अपघात झाला असतां विमा कंपनी प्रथम हेंच पाहते. आमचा जन्म कचेरींत गेला. एक अर्ज वेळीं न दिल्यामुळें पुढें दहा अर्ज कसे करावे लागतात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे.

पाणी शुद्ध करण्याची मांडणी

पाणी शुद्ध करण्याचें यंत्र गाडीवर वाहण्याची जरूर नाहीं. तें घरीं ठेवावें, रात्रीं पाणी तयार करावें व सकाळीं टाकींत भरावें. त्यानें ओझें वांचतें आणि यंत्रास खड्ड्यांचे धक्के बसत नाहींत.

मांडणीच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या फिल्टरांत गाळ अडतो. दुसऱ्यांत कोळसा असतो. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन तो शोषून घेतो, कारण क्लोरीननें पुढचा पडदा खराब होतो. तिसरी पायरी आर.ओ. पडद्याची. चौथ्या नळकांड्यांत रेझिनचे बारीक मणी असतात. उरलासुरला क्षार ते धरून ठेवितात. घरगुती आर.ओ. तासास दहा-पंधरा लिटर पाणी देतो. तो या कामास पुरत नाहीं. आठ तासांत ४०० लिटर पाहिजेत, म्हणजे तासास निदान ५० लिटरचें यंत्र लागतें.

रेझिन एकटें वापरून आर.ओ.चा खर्च कां वांचवूं नये, असें पुतण्यानें विचारलें. त्याचें उत्तर गणितांत आहे. ९०० आंकड्याच्या ४०० लिटर पाण्यांत ३६० ग्रॅम क्षार असतो. तो सगळा रेझिनवर टाकिला तर तें थोड्याच टाक्यांत थकतें व बदलावें लागतें. आर.ओ.नें आंकडा ४० वर आणिला तर त्याच ४०० लिटरांत १६ ग्रॅम उरतो; रेझिन बाविसपट पाणी देतें. शेवटीं आंकडा शून्य ते पांच या दरम्यान यावा. दहाच्या वर जाऊं लागला कीं रेझिन बदलावें. नाहीं तर कांचेवर डाग दिसूं लागतात व गिऱ्हाईक तुटतें.

टाकी पांढरी पारदर्शक घेऊं नये. आपल्याकडील उन्हानें तिच्यांत शेवाळ धरतें आणि तें ब्रशाच्या बारीक भोंकांत अडकतें. काळी टाकी बरी.

पंप, बॅटरी व नळी

पाठीवरच्या बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपांत जसा १२ व्होल्टचा पडद्याचा पंप असतो, तसाच परंतु थोरला पंप येथें लागतो. तो मिनिटास पांच लिटरपर्यंत पाणी देतो. पण ब्रशास दोनच पाहिजेत, म्हणून वेग कमी करणारा कंट्रोलर जोडावा. पाणी व बॅटरी दोहोंची त्यानें बचत होते.

पंपाची बॅटरी गाडी सुरू करण्याच्या बॅटरीहून निराळी असावी. एकाच बॅटरीवर दोन्ही कामें केल्यास संध्याकाळीं गाडी ढकलावी लागते. पंप सुमारें ७ अँपिअर घेतो असें धरिलें, तर एक टाकी संपेपर्यंत सुमारें २३, आणि दोन टाक्यांस ४७ अँपिअर-तास होतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवूं नये, म्हणून १०० अँपिअर-तासांची बॅटरी बरोबर बसते. ती हवा खेळणाऱ्या पेटींत घट्ट बांधावी, आणि तारेंत फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ घालावा. पुष्कळ जण तो पंपाजवळ घालतात. मग मधली तार पत्र्यास घासून उघडी पडली तर फ्यूज असून नसल्यासारखा होतो आणि गाडीस आग लागूं शकते.

नळी बारीक, आंतून ६ ते ८ मिलिमीटर, शंभर मीटर लांब, फिरत्या रिळावर गुंडाळलेली असावी. जाड नळी ओढून माणूस दमतो आणि तिच्यांत पाणीही उगाच अडकून राहतें.

दांडी आणि विजेच्या तारा

दांडी ॲल्युमिनियमची, कांचतंतूची किंवा कार्बनतंतूची मिळते. दोन मजल्यांस वीस-बावीस फुटांची पुरते. ॲल्युमिनियम स्वस्त खरें. पण ॲल्युमिनियम व कार्बन या दोन्ही विजेच्या वाहक आहेत. कांचतंतूची दांडी कोरडी असतां वीज अडविते, पण या कामांत ती कोरडी राहतच नाहीं. शेतांतून ११ हजार व्होल्टच्या तारा कशा लोंबलेल्या असतात, तें शेतकऱ्यास सांगावयास नको. तारेस स्पर्श झालाच पाहिजे असेंही नाहीं. अगदीं जवळ गेलें तरी वीज उडी घेते. म्हणून आम्हीं पुतण्याकडून एक नियम वदवून घेतला आहे: दांडी हातांतून सुटून कोणत्याही बाजूस आडवी पडली तरी तारेपर्यंत पोहोंचणार नाहीं, इतक्या अंतरावरच ती उभी करावयाची. तेवढें अंतर मिळत नसेल तर तें काम सोडून द्यावयाचें, मग पैसे कितीही मिळोत.

धुण्याची रीत

खिडकी धुतांना प्रथम चौकट धुवावी, मग कांच वरून खालीं घासावी, आणि शेवटीं ब्रश कांचेपासून किंचित उचलून नुसत्या पाण्यानें खंगाळावी. चौकटींत वर्षानुवर्षें सांचलेली माती असेल तर पहिल्या वेळीं तिचे ओघळ येतात व डाग राहतात. गिऱ्हाइकास हें आधींच सांगावें आणि तेवढी खिडकी दोनदां धुवावी.

सौर प्लेटांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किंवा संध्याकाळीं थंड झाल्यावर धुवाव्या. तापलेल्या कांचेवर गार पाणी पडलें तर ती तडकण्याची भीति असते. पंपाचा स्विच आधीं बंद करावा. तरीही उजेड आहे तोंवर प्लेटेंत वीज असतेच, हें विसरूं नये. फुटलेल्या प्लेटेस व उघड्या जोडास ओल्या हातानें शिवूं नये. प्लेटेवर चढूं नये. वरून दिसल्या नाहींत तरी आंत बारीक चिरा जातात. गाड्या धुण्याच्या यंत्रानें जोराचा फवारा मारूं नये. पांखरांची विष्ठा मात्र तशीच ठेवूं नये. तिच्या सांवलीखालचा भाग तापतो व प्लेट खराब होते.

धुण्यानें लाभ किती होतो, हें ज्यानें त्यानें आपल्या विहिरीवर पडताळावें. भर दुपारीं, आकाश निरभ्र असतां, पंपाच्या नळाखालीं २०० लिटरचें बॅरल ठेवून तें किती सेकंदांत भरतें तें लिहून ठेवावें. प्लेटा धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं, विहिरींत पाण्याची पातळी तीच असतां, पुनः मोजावें. दोन आंकड्यांतील फरक हेंच खरें उत्तर. कोणाच्या जाहिरातीवर विसंबूं नये. आमच्या बोलण्यावरही नाहीं.

पाणी कोणाचें?

आतां दुसरी चूक. गेल्या उन्हाळ्यांत गांवाच्या विहिरी उतरल्या व पिण्याचे टँकर सुरू झाले. आमच्या विहिरीस थोडें पाणी होतें. एके सकाळीं गाडी भरून निघाली, तेव्हां चावडीपाशीं बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांपैकीं एक म्हातारी, जिला आम्ही लहानपणापासून काकू म्हणतों, उठून म्हणाली, "तात्या, आम्ही घोटभर पाण्यासाठीं इथं बसलोंय, अन् तुमची गाडी भरून कांचा धुवायला चालली व्हय?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. २०१८-१९ च्या दुष्काळांत टंचाई शाखेंतून टँकरच्या मंजुरीचे कागद आमच्याच हातून गेले होते. कोणत्या वाडीस किती खेपा, हें आम्हांस पाठ असे. आणि आतां हिशेब मांडिला तर काय निघालें? ४०० लिटर शुद्ध पाण्यामागें आर.ओ. तितकेंच पाणी बाहेर टाकीत होता. म्हणजे रोज ८०० लिटर उपसा, त्यांपैकीं अर्धें नालींत. शिवाय टाकलेल्या पाण्यांत सगळा क्षार एकवटून त्याचा आंकडा ९०० वरून सुमारें १,७६० वर गेलेला. पुतण्या तें पाणी लिंबाच्या रोपांस सोडीत होता! रोज एकाच जागीं असें पाणी मुरलें तर जमीन खारावते, हें आपल्या जिल्ह्यांत, जेथें पाटपाण्यानें किती जमिनी चोपण झाल्या आहेत, कोणास सांगावें लागूं नये.

त्या दिवशीं गाडी परत फिरविली आणि टाकी चावडीजवळ रिकामी केली. क्षार काढलेलें तें पाणी पिण्यासाठीं नव्हे, तें धुण्याभांड्यांस वापरा, असें सांगितलें. मग महिनाभर काम बंद ठेविलें. पुतण्या रुसला, कारण हातीं आलेलीं दोन कामें गेलीं. पण त्या महिन्यांत आम्हीं जो हिशेब आरंभींच करावयास हवा होता तो केला.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतें. आमचें घर व कांद्याची चाळ मिळून छप्पर १०० चौरस मीटर आहे. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरिला तर ५० हजार लिटर होतात. पांचवा हिस्सा वाया गेला असें धरून ४० हजार उरतात. म्हणजे ४०० लिटरच्या शंभर टाक्या, आमच्याच डोक्यावरून दरवर्षीं वाहून जात होत्या. शिवाय हें पाणी मुळांतच मऊ. छप्पर व पन्हळी साफ करून पहिल्या सरींचें पाणी सोडून दिलें आणि मग धरिलें, तेव्हां मीटरचा आंकडा तीसच्या आंत आला. त्यास आर.ओ. नको, गाळणी व रेझिन पुरे. टाकून द्यावयाचें पाणी शिल्लकच राहत नाहीं.

आम्हीं पांच हजार लिटरच्या चार काळ्या टाक्या चाळीशेजारीं बसविल्या. सिमेंटची टाकी स्वस्त पडली असती, पण सिमेंटचा चुना पाण्यांत उतरून आंकडा वाढवितो. पावसाळ्यांत प्लेटा पावसानेंच धुतल्या जातात, म्हणून सांठविलेलें २० हजार लिटर पाणी पावसाळ्यानंतरच्या पन्नास खेपांस उपयोगी पडतें. त्यापलीकडे गिऱ्हाईक आपलें पाणी देईल तरच तें शुद्ध करून वापरावयाचें. आणि गांवांत टँकर सुरू झाला कीं त्या दिवसापासून आमच्या विहिरीचा एक थेंबही कांचेवर घालावयाचा नाहीं, असें ठरलें आहे. आर.ओ. चालवावाच लागला तर टाकलेलें पाणी संडास व गाडीचीं चाकें धुण्यास जातें, झाडास नाहीं. हिवरेबाजारनें पाऊस मोजून गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा धडा आपल्या जिल्ह्यासच नव्हे, देशास घालून दिला. आम्ही त्याच जिल्ह्यांत राहून एका गाडीपुरताही ताळेबंद मांडिला नव्हता, याची खंत वाटते.

सारांश

ज्यांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं गाडी घेण्यापूर्वीं तीन आंकडे लिहून काढावे: आपल्या पाण्याचा टी.डी.एस. किती, नोंदणीपुस्तकाप्रमाणें गाडी किती ओझें वाहते, आणि आपल्या छपरावर वर्षांत किती लिटर पाणी पडतें. हे तीन आंकडे जमत असतील तर पुढें जावें. एकट्यास भांडवल झेपत नसेल तर आठ-दहा सौरपंपवाल्यांनीं गट करून एक गाडी ठेवावी. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० सालीं उभा केला, तेथें एक छोटी गाडी सामाईक ठेवणें अवघड नाहीं.

उपदानाची रक्कम बुडाली नाहीं. पण ती अजून सगळी परतलेलीही नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पुतण्या मात्र आतां कंत्राटदाराच्या दारांत उभा राहत नाहीं. गेल्या आठवड्यांत गाडी चावडीवरून जात असतां काकूंनीं हात करून थांबविली व विचारलें, "आज कुठलं पाणी रे?" पुतण्या म्हणाला, "पावसाचं, आजी. आपल्या चाळीवरचं." म्हातारीनें मान डोलावली आणि "मग जा" म्हणाली. परवानगीचे पुष्कळ कागद आमच्या हातून गेले. पण एवढ्या कमी शब्दांचा कागद आम्हीं पाहिला नव्हता.